बर्फातली बाटली

मायक्रोस्कोपवरून मान वर केली की आमच्या डॉक्टरबाई चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्या पुरुषाला म्हणत, "सूज आहे रे, शाप नाही."

मालाडला त्यांच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी.; सांगायला लाज कसली? पण वीर्य तपासतो, हे घरी कधी बोललो नाही. मूल नाही म्हटलं की तेव्हा तपासणी बाईचीच व्हायची, तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या बाई मात्र दारातच विचारत, "नवरा कुठाय?"

एकदा संपात गिरणी सुटलेला एक जण चारकोपहून आला. सोबत बायको आणि आई.

"दुसरा चेडू बघून ठेवलंय," लेकाच्या दुसऱ्या लग्नाचं म्हातारीने सुनेसमोरच सांगितलं. मग पिशवीतून थर्मास काढला. आत बर्फ, बर्फात लेकाच्या नमुन्याची बाटली. "खराब होऊक नको म्हणान मीच घातलंय."

"आजी, ही काय सुरमई आहे?" बाईंनी विचारलं.

मान खाली घालून बसलेली सून पदरात तोंड खुपसून हसली.

"गारठ्याने सगळं थिजतं," बाई त्याला म्हणाल्या. "उद्या पुन्हा. बाटली खिशात, अंगाच्या उबेत. आणि लगेच आण."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मलाही बघायला लावलं. शुक्रजंतू मंद, भोवती पू-पेशींची ही गर्दी. "राखणीला आल्या आणि घरच्यांचीच वाट अडवून बसल्या," बाई म्हणाल्या.

मग चष्मा कपाळावर. "सूज आहे रे, शाप नाही. गोळ्या घे. मूल होईलच, असं मी म्हणत नाही. पण दुसरं लग्न करून ही सूज उतरायची नाही."

त्याने दाराबाहेर बसलेल्या आईकडे पाहिलं. "आईला तुम्हीच सांगा ना, बाई."

बाईंनी म्हातारीला आत बोलावून स्वतःच्या स्टुलावर बसवलं. "सुनेत खोट नाही, आजी. औषध लेकाला द्यायचंय."

म्हातारीने पदर सावरला. मग हळूच, "तेका मासे चलतत मा?"

"चालतात. आणि ती दुसरी मुलगी?"

"तेंका नाय म्हणान सांगतंय."

पुढे एकदा म्हातारी सुनेला घेऊन पुन्हा आली. कडेवर मूल नव्हतं. दुसरी सूनही आली नव्हती. "सूज उतारली. आता वाट बघतंव," म्हणाली आणि थर्मास पुढे केला. बर्फात सुरमईच्या तुकड्या. "बाय खंय?"

बाई नुकत्याच वारल्या होत्या. स्टूल रिकामं होतं. त्यावर बसायचं धाडस मला अजून झालं नव्हतं. मी सांगितलं. सून त्या स्टुलाकडे बघत राहिली.

बाईंनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. ते मात्र मी सांगितलं नाही. दोन्ही हातांनी थर्मास घेतला.