रायफलीला लागलेल्या मुंग्या

सर्व सभासद बंधू-भगिनींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या रायफलीला मुंग्या लागल्या आहेत. कोरम पूर्ण असो वा नसो, विषय तातडीचा आहे.

अशी सूचना कारखान्याच्या फळ्यावर कधी लागली नाही. लागायला हवी होती. मी तिथं स्टोअरकीपर होतो, खडूचा डबा माझ्याच ताब्यात होता, आणि अक्षरही बरं होतं. पण वाचणार कोण? दुष्काळाचं दुसरं वर्ष. शिवारातला उरलासुरला ऊस चारा म्हणून जनावरांपुढं गेला होता. ऊस टाकायच्या गव्हाणीत कुत्री व्यायली होती. कामगारांना 'पाऊस पडला की बोलावू' असं सांगून घरी धाडलं होतं. कारखान्यावर उरलो तिघं. मोजायला काही नसलं तरी स्टोअरला कुलूप लागतं म्हणून मी, खुर्ची रिकामी ठेवायची नसते म्हणून चेअरमन, आणि बंदूकवाला म्हणून हवालदार.

हवालदार म्हणजे आमचा सुरक्षारक्षक. फौजेतून परतलेला, शेजारच्याच वस्तीवरचा. गोदामात बँकेकडं तारण ठेवलेली साखर होती आणि तिच्यावर बंदूकधारी पहारा हवा, अशी बँकेची अट होती. म्हणून सगळ्यांचे पगार बंद झाले तरी त्याचा चालू राहिला. त्याच्या घरात म्हातारी आई, बायको, पोरं आणि ढेकळं झालेलं रान. चूल पेटायची ती त्या रायफलीवर. ही गोष्ट त्याला माहीत होती, आईला माहीत होती, आणि दुर्दैवानं चेअरमनलाही माहीत होती.

रायफल हवालदाराहून वयानं वडील. साहेबांच्या राज्यातली, फौजेनं टाकलेली. कारखान्याच्या संस्थापकांनी लिलावात तसल्या दोन घेतल्या होत्या. एक आम्हाला आणि एक उमापूरच्या वाटेवरच्या सूतगिरणीला. तेव्हा दोन्ही संस्था एकाच पॅनलच्या. पुढं पॅनल फुटलं, भाऊबंदकी लागली, दोन्ही चेअरमन एकमेकांच्या मयतीलाही जाईनासे झाले. सूतगिरणीचं उद्घाटन झालं, सूत मात्र कधी निघालं नाही.

रोज सकाळी हवालदार वजनकाट्याच्या पायरीवर पोतं अंथरायचा. दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायचा. मग बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा खटका, काढून पुसायचा. तेलाला माझ्याकडं यायचा. कारखान्यात तेलाचा थेंब नव्हता, म्हणून मी घरून शिलाई मशीनची बाटली आणायचो. बायको म्हणायची, "एवढी काय ती बंदूक झंपर शिवती व्हय?"

मग आली खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी बॉयलरची, मिलची, अवजारांची पूजा व्हायची. यंदा भटजींनी सांगितलं, बॉयलर पेटायचाच नसेल तर त्याच्यापुढं नारळ फोडू नये, थंड चुलीची पूजा अशुभ. चेअरमन अडले. निवडणूक तोंडावर, चार सभासद गोळा केलेले, हातात नारळ. कारखान्यातलं चालू यंत्र कोणतं, असा विचार करता करता त्यांची नजर रायफलीवर गेली.

टेबलावर पांढरा कपडा, त्यावर रायफल. हळद, कुंकू, झेंडू. नारळ फुटला तो तिच्या अंगावरच, पाणी थेट बोल्टच्या फटीत. आणि नैवेद्य काय? साखर कारखाना आपला. चेअरमननी मूठभर कारखान्याची साखर तिच्यावर उधळली. हवालदार पुढं झाला फडकं घेऊन. भटजींनी हात धरला. "पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवू नये."

दसऱ्याला सकाळी मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून वर चढली होती आणि बोल्टच्या आत शिरत होती. साखर, नारळपाणी, कुंकू, सगळं वाळून डिंकासारखं बसलेलं. कारखान्याच्या साखरेला चिकटपणा नाही असं आता कोणी म्हणू नये.

"दादा, कोमट पाणी लावतो, हळूहळू सुटंल," हवालदार म्हणाला.

"सरक बे. फौजंत हेच शिकलास का?" चेअरमननी नारळ फोडायचा लोखंडी तुकडा उचलला आणि बोल्टच्या दांडीवर हाणला. दांडी सुटली. आत काहीतरी टिचल्याचा बारीक आवाज झाला. तो आवाज हवालदाराच्या तोंडावर आधी दिसला, मग मला ऐकू आला.

फायरिंग पिन मोडली होती. चाप ओढला की जी पुढं जाऊन गोळीला ठोसते, ती. परवान्याच्या तपासणीला रायफल ठाण्यात न्यायची होती, आणि तिथले जमादार चाप ओढून बघत. चेअरमन हात पुसत म्हणाले, "बंदूक तुझ्या ताब्यात, जबाबदारी तुझी. चालती बंदूक तर बंदूकवाला. न्हाई तर तूबी जा घरी." आणि सभासदांना आपट्याची पानं वाटत निघून गेले.

सुट्या भागाची खरेदी म्हणजे स्टोअरकीपरचं काम. हवालदाराला घेऊन निघालो. केजला एक चाचा होते. पाण्याच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचे, त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात बंदुकाही केल्या होत्या. विहिरी आटल्यामुळं दुकानात मोटारींचा ढीग होता, न्यायला कोणी येत नव्हतं. चाचांनी पिनीचे दोन तुकडे तळहातावर घेतले, हुंगले.

"साखर?"

"नैवेद्य."

चाचा हसले नाहीत. "भाई, तुमच्या मोटारीला म्या नवा जनम देतो. पर बंदुकीचा पुर्जा बनवायला परवाना लागतो. बाप करायचा, म्या न्हाई. म्या बनवला तर बंदूक तुमची चालंल आन् दुकान माझं बंद." तुकडे परत देताना म्हणाले, "हिची सगी बहीण हाय ना सूतगिरणीत? जवानीत दोघींची दुरुस्ती माझ्या बापानंच केली. बहिणीचं मागा. लाज कसली?"

सूतगिरणीच्या फाटकात दुसरा हवालदार बसला होता. तोही फौजेतला. आमच्या हवालदारानं त्याला कडक सलाम ठोकला, त्यानं त्याहून कडक परत केला, मग दोघं तंबाखू मळत बसले. त्यांच्या रायफलीची पिन ठणठणीत होती. मागचा लाकडी दस्ता मात्र वाळवीनं पोकळ केलेला. खांद्याला लावला की भुसा सांडायचा. त्यांचीही तपासणी आमच्यामागून होतीच.

म्हणजे आमचा दस्ता त्यांना आणि त्यांची पिन आम्हाला. दोन संस्था मिळून एक रायफल. सहकारावर मी पुष्कळ भाषणं ऐकली, जेवणावळीही केल्या, पण सहकार मी पाहिला तो त्या फाटकात, एकदाच.

दोन्ही चेअरमनना हे कळून चालणार नव्हतं. जीपमध्ये पुर्जा घेऊन पोलिसांना सापडलो तर वेगळंच. तेव्हा हवालदाराची आई म्हणाली, "म्हातारीला कोन धुंडतंय?" तिनं सुपारीच्या चंचीत पिन घातली, चंची कमरेला खोचली, आणि वडापच्या जीपमध्ये बायकांच्या गर्दीत बसून घेऊन आली. सुपारी खात खात.

तपासणी झाली. जमादारांनी चाप ओढला, खट्ट वाजलं, सही झाली. हवालदार परतताना वाटेत दोनदा उगाच हसला. ठरल्याप्रमाणं पिन चंचीतून सूतगिरणीला परत गेली, पाठोपाठ दस्ताही जायचा होता. बँकेचा माणूस लांबूनच बंदूक बघायचा, त्यामुळं मधल्या काळात चिंता नव्हती.

चिंता चेअरमननी शोधली. कारखान्याच्या मागं मोठा तलाव होता, यंत्रं थंड करायचं पाणी त्यात राहायचं. पंचक्रोशीत तेवढंच उरलं होतं. त्यातून टँकर भरून चेअरमनच्या मोसंबीच्या बागेला जायला लागले. वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन आल्या तेव्हा चेअरमननी हवालदाराला गोदामावरून उठवून तलावावर उभं केलं. "साखर पळून जात न्हाई. हितं थांब. कुनी पुढं आलं तर बंदूक रोख."

त्यानं रोखली. समोर त्याची बायको होती, चुलती होती, शेजारणी होत्या. बाया थबकल्या. टँकरचं इंजिन घरघरत होतं, चेअरमन पायरीवर उभे होते, आणि मी स्टोअरच्या दारात. हवालदाराचा चेहरा असा, की त्यालाच कोणीतरी धरून ठेवलंय. नोकरी राखायची तर बंदूक खाली येणार नव्हती, आणि वर ठेवायची तर घरच्या माणसांवर.

पुढं काय झालं ते आधीच सांगतो. बायांनी घागरी भरल्या, एवढंच काय ते चांगलं. संध्याकाळी तलावाला काटेरी तार आली. हवालदाराला त्याच दिवशी घरी बसवलं, बँकेला दाखवायला चेअरमननी आपला मेव्हणा तीच मुकी रायफल खांद्याला देऊन उभा केला. हवालदार पुढं ऊसतोडीला कर्नाटकात गेला. मी त्याला वजनकाट्याच्या पायरीवर पुन्हा पाहिलं नाही, आणि शिलाईचं तेल घरच्या मशीनला परत मिळालं.

हे सगळं घडलं एका वाक्यानं. गर्दीच्या मागून त्याची आई रिकामी घागर घेऊन पुढं आली, बंदुकीकडं, मग लेकाकडं बघितलं, आणि थांबलेल्या बायांवर खेकसली, "कावून भेताव गं? भरा की. त्या बंदुकीची पिन सूतगिरनीत हाय, कालच तर म्या चंचीत घालून देऊन आले."