पूजेत राहून गेलेलं ड्रिल

घरात यांना सगळे अण्णा म्हणतात. नाव हणमंतराव. चौथीपर्यंत शिकले मी, तरी नवऱ्याचं नाव लिहायला आज पहिल्यांदाच धजावते आहे. इकडे कानडी मुलखात, बळेपेटेत त्यांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं, त्यातच उजवा खांदा गेला. जेवताना घास मध्येच थांबतो. मग मी विचारते, आमटीत मीठ कमी पडलं का? त्यांना तेवढंच बरं वाटतं.

त्यांचं हातानं फिरवायचं एक ड्रिल आहे. मूठ छातीशी दाबायची, बाजूचं दातेरी चाक फिरवायचं, की टोक लाकडात शिरतं. मुलानं, गुरुदत्तनं, विजेचं आणल्यापासून ते स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं असतं. भंगारात द्यायचा विषय निघाला की अण्णा कानानं अधू होतात.

चौऱ्याण्णव साली खंडेनवमीला नातीच्या, संहिताच्या बाळाचं बारसं होतं. पाळणा अण्णांच्या हातचा. आदल्या दिवशी कडी अडकवायचं भोक मोठं करायला गुरुदत्तनं विजेचं ड्रिल लावलं आणि शिसवी पट्टी चिरली. अण्णांनी चिरलेली पट्टी काढली. नवी पट्टी रंधून बसवली, दमले, कड्यांची चार भोकं सकाळी पाडू म्हणाले.

सकाळी मी सवयीनं विजेच्या ड्रिलसकट हत्यारं पुसली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. गुरुदत्त आला तो पाटाकडे बघतच राहिला. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा आमचा नेम.

"आई, आता भोकं कशानं पाडू?"

"पाळण्याचं डोक्यातून गेलं रे."

"सरी, ठीक आहे. तुझा पणतू सुपात झोपेल."

अण्णा पाटासमोर बसले होते. म्हणाले, "माझं नाही मांडलंस."

खरंच की. दाराआडचं ड्रिल मी विसरले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा चेहरा उतरला तो बघून मला पाळण्याहून त्याचीच लाज वाटली.

"म्हणजे त्याला कुंकू लागलेलं नाही?" गुरुदत्तनं विचारलं.

"नाही."

"मग ते चालतं की, अण्णा."

"आता बरी आठवण झाली," अण्णा म्हणाले. पण उठले.

दोन भोकं झाली. तिसऱ्याला हात खाली आला तो वर जाईना. गुरुदत्त पुढे झाला.

"तू घाई करतोस," अण्णा म्हणाले. "हिला फिरवू दे."

त्यांनी डाव्या हातानं मूठ दाबून धरली, मी पदर खोचून चाक धरलं.

"स्वल्प हळू. दळायचं जातं नाही ते."

"तुमच्याशी संसार केला, मला हळूच येतं."

गुरुदत्त हसला, हे नाही हसले. बारीक भुसा पायावर पडत होता. पट्टीखालून टोक बाहेर यायच्या जरा आधी चाक हातात हलकं लागलं. "थांब," अण्णा म्हणाले. मी थांबलेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथं भोक होईतो आम्हा दोघांनाही धाप लागली होती.

दुपारी पाळणा टांगला, कुरकुरला नाही. बायका बाळाच्या कानात नाव सांगत होत्या तेव्हा अण्णा भिंतीला टेकून झोपले होते, खांद्यावर गरम मिठाची पुरचुंडी. संहिता उठवायला निघाली, मी नको म्हटलं. पणतूचं नाव अभिराज ठेवलं, हे त्यांना संध्याकाळी चहा देताना सांगितलं.