शंखातले मासे आणि फिल्टरचं पाणी

आमच्या वरवट बकालच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. असल्या पाण्यात आमच्या घरचे मासे मात्र मजेत होते. मला त्यांचा रागच यायचा. घरात एवढं दुखणं, आणि हे आपले मजेत!

मासे नवऱ्याचे. किडन्या गेल्या तसं त्यांनी खता-बियाण्याचं दुकान बंद केलं आणि घरी बसून वेळ जावा म्हणून काचेची टाकी आणली. दुखणं पाण्यामुळेच, असं गाव म्हणतं. डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. सुरुवातीला आणलेले रंगीत मासे एकेक करून मेले. मग अकोल्याच्या मासेवाल्याने सांगितलं की तुमच्या जड पाण्यात दुसरं काही टिकणार नाही, हे सिक्लिड घेऊन जा, यांना असंच पाणी लागतं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले, बोटाच्या पेराएवढाले. ते रिकाम्या शंखात राहतात आणि अंडीही शंखातच घालतात. नवऱ्याला चालवत नव्हतं, म्हणून नदीच्या पात्रातून गोगलगाईंचे शंख मी वेचून आणले आणि मीच ते उकळले. घरभर तो वास. शेजारीण विचारून गेली, काय शिजवून राहिल्या म्हणून.

प्रत्येक माशाने आपापला शंख धरला. मादी तोंडाने वाळू उचलून दारापासून दूर टाकायची. पाण्यात बोट घातलं तर ती चावायला धावायची. नवऱ्याला याचं फार कौतुक.

"पाह्य, कशी चिडली!"

"मीबी चिडतो दिवसभर," मी म्हणायची, "माह्याकडे नाही पाह्यत कोनी."

डॉक्टरांनी त्यांचं पाणी तोडलं होतं. दिवसाचं पाणी एका गडव्यात काढून ठेवायचं, संपलं की संपलं. तहान मारायला जिभेवर लवंग धरून हा माणूस दिवसभर पाण्याने भरलेल्या टाकीसमोर बसायचा. एकदा न राहवून विचारलं, "तुमाले त्रास नाही होत काय पान्याकडे पाह्यून?"

"मी पानी कुठी पाह्यतो? मासोया पाह्यतो," ते म्हणाले.

आठवड्यातून दोनदा डायलिसिसला खामगाव. सकाळची एसटी, परत यायला संध्याकाळ. येताना ते पिळून काढल्यासारखे व्हायचे, आणि मला घरी येऊन चूल पेटवायची असायची. कधी कधी गाडीतून उतरूच नये, तसंच बसून राहावं असं वाटायचं. त्यात हे मधूनच अडून बसायचे. "बस झालं आता. नाही येत मी." सोडलं तर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात मादीने शंखात अंडी घातली. ती आत शिरून बसली, फक्त शेपटीचं टोक हलताना दिसे. मग नवऱ्याचं बोलणंच बदललं. "पिल्लं भाईर येऊ दे, मंग पाहू." पिल्लं पाहायची म्हणून परत यायचं, आणि परत यायचं म्हणून जायचं. मी टाकीपुढे हात जोडले की बाई, घाल अजून अंडी, वाटेल तेवढी घाल.

एके सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून ओढतच आणलं. शंखाच्या तोंडाशी दोन डोळे आणि मागे दोऱ्याएवढं अंग, अशी पिल्लं. कितीतरी दिवसांनी हा माणूस हसला.

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला आणि दवाखान्यात ठेवून घेतलं. घर सांभाळायला धामणगाव बढ्याहून मोठी नणंद आली. तिच्या विहिरीचं पाणी गोड. आमच्याकडे पाहुण्याला फिल्टरच्या कॅनमधलं पाणी द्यायचं, हाच मान. तिच्यासाठी मी कॅन भरून ठेवून गेले होते.

परत आलो तर टाकी आरशासारखी लख्ख, आणि मासे तळाशी आडवे, पिल्लंसुद्धा. नणंद पदराने डोळे पुसत उभी. काचेवरचा पांढरा क्षार पाहून तिचा जीव कळवळला होता. भावाला खाल्लं तेच पाणी या इवल्या जिवांना! तिने सगळं पाणी उपसलं, चिंच लावून काच घासली, शंख धुतले आणि कॅनचं पाणी ओतलं.

"म्या तं चांगलं पानी टाकलं रे भाऊ," ती रडत म्हणाली. "म्या सोता बोअरचं पेली, पन त्यायले फिल्टरचं टाकलं."

तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलंच होतं. पण हे आधी बोलले, "बरं केलं ताई. वयच झालं होतं त्यायचं." तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं, हसऱ्या तोंडाने, दात आवळून.

मग खामगावचा वार आला. पिशवी भरून मी दाराशी ठेवली. हे अंथरुणातच.

"उठा, गाडी निंघून जाईन."

"नाही येत मी."

माझा तोल सुटला. "मासोयासाठी येत होते ना? माह्यासाठी येनं होत नाही? त्या शंखातल्याहून गेली काय मी?"

ते आढ्याकडे पाहत म्हणाले, "तुह्यासाठीच नाही येऊन राह्यलो. तुले आराम भेटन म्हनलं."

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. पण मी इतकी थकलेली होते की मला त्यातला 'आराम' हा शब्द आधी ऐकू आला आणि बाकीचं मागाहून कळलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्यापासून मला काही लपवता येत नाही, कधीच आलेलं नाही.

"नको मले आराम," मी म्हटलं, पण तोवर त्यांना कळायचं ते कळलं होतं.

तरी त्यांनी पाय खाली सोडले. मी वाकून त्यांच्या पायात चपला चढवल्या.