प्रभू येणार, तर दात पाहिजेत

जानेफळच्या वसतिगृहात तीस वर्षं भाकरी थापणाऱ्या अन्नपूर्णाबाई लहानपणी प्रभू येशूला भलत्याच घाबरत. कोण्या प्रचारकाने सांगितलं होतं, प्रभू परत येईल तेव्हा चांगल्यांना घेऊन जाईल आणि बाकीच्यांना इथंच टाकेल. आपण बाकीच्यांत, याची त्यांना खात्रीच होती. एकदा शाळेतून घरी आल्या तर चुलीवर वरण उकळतंय आणि आई गायब. पोरीने रडून गल्ली डोक्यावर घेतली. आई मागच्या न्हाणीत केस धूत होती.

भीती लग्नानंतरही गेली नाही. वीज कडाडली की प्रभू आलाच असं वाटून बाई कणगीच्या आड. नवरा इंद्रभान मात्र घोरत पडलेला. त्याला उठवायला रोज तीन हाका आणि तांब्याभर पाणी लागे. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी तो उठलाच नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू येईल तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवून मेलेले आधी उठतील." बाईंनी पदर तोंडात कोंबला. जावेला वाटलं, हुंदका आला.

"हा माह्याआधी उठीन म्हंते!" बाई कशाबशा बोलल्या. "चाळीस वर्षांत एक डाव नाही उठला!" हसता हसता त्या मातीतच बसल्या आणि मग पोटभर रडल्या.

त्यानंतर मात्र वीज कडाडली की त्या दार उघडून आभाळाकडे बघू लागल्या. कोणी यायचं असलं म्हणजे बघतात तशा.

मागच्या उन्हाळ्यात गावात तीन दिवसांच्या सभा झाल्या. शहरातून आलेल्या प्रचारकाने पडद्यावर युद्धं, भूकंप, आगीचं तळं असं सगळं रंगीत दाखवलं. सगळ्यात जास्त घाबरला तो चर्चची घंटा वाजवणारा शालिग्राम. मेहकरला दाताच्या डॉक्टरकडे त्याच्या कवळीचं माप दिलेलं होतं. तो आणायलाच गेला नाही. नुसत्या कण्या पिऊन दिवसभर मोबाइलवर त्या प्रचारकाचे व्हिडिओ बघत बसायचा. शेवटी त्याची सून करिष्मा बाईंना बोलवायला आली.

"काऊन हो भाऊ, कवळी काऊन नाही आणली?"

"प्रभू येऊन राह्यला, बाई. आता दात घेऊन काय करू?"

"मंग येऊ द्या ना."

"भेव लागते."

"कोनाचं? येऊन कोन राह्यलं? ज्यानं आपल्यासाठी जीव देला, तोच ना? का त्याच्या जागी दुसरा कोनी धाडून राह्यले?"

शालिग्राम हळूच म्हणाला, "मी लई पापी हाव, बाई."

"ते साऱ्या गावाले ठाऊक हाये. त्याले तं पह्यलेच ठाऊक होतं. तरी येऊनच राह्यला ना? अन् आल्यावर पंगत बसवनार हाये तो. तिथं काय, मले नुसत्या कन्या वाढा म्हनान त्याले?"

करिष्मा दारात तोंडावर हात धरून उभी. शालिग्रामने मोबाइल उलटा ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि बोळक्या तोंडाने तो हसत होता.

मंगळवारी बाई स्वतः त्याला घेऊन मेहकरला गेल्या. डॉक्टरांनी आधी दोघांनाही झापलं. एवढ्या दिवसांत हिरड्या आक्रसल्या होत्या, माप पुन्हा घ्यावं लागलं. बाई बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या डुलक्या काढत राहिल्या.

नवी कवळी घालून शालिग्राम पहिल्याच रविवारी गायला उभा राहिला. प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली. चर्चमध्ये कोणीच हसलं नाही. फक्त बाई हसल्या, आणि ते बघून तो आणखी जोरात गायला.