गोदाक्कानं भरलेली ओटी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या पोरींजवळ नाही. देवाला तर सांगायचा प्रश्नच नाही, तो तिथंच होता आणि गप्प बसला. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. फक्त मध्ये बोलू नका. मध्ये बोललेलं मला बाजारातही चालत नसे.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवते, म्हणजे तुमचा घोटाळा व्हायचा नाही. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी नगरला जाऊन पोट पाडून घेतलं. तीन पोरी होत्या, लूप बसवलेला असून चौथं राहिलं, आणि मला ते नको होतं. कायदा नवाच आला होता. गावात येणाऱ्या नर्सबाईनं तो मला समजावून सांगितला आणि दिवसही तिनंच ठरवून दिला. दवाखान्यातल्या बाई नवऱ्याची सही मागायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, कायद्यात तसं लिहिलेलं दाखवा, मग आणते. त्यांनी दाखवलं नाही. ह्याची मला लाज नाही. तेव्हा नव्हती, आज नाही. कबुली द्यायची आहे ती ह्याची नव्हे.

मग कशाची? – सांगते.

मी शेळ्यांचा व्यापार करायची. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावातून कळप घेऊन काष्टीच्या बाजाराला. तिथं व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाईचा हात रुमालाखाली कोण धरणार? म्हणून मी भाव तोंडानं सांगायची, चारचौघांत, मोठ्यानं. हसले आधी. मग हसायचे थांबले. एका पाटीपासून, एवढ्याशा कोवळ्या शेळीपासून, कळप केला मी, कुणाच्या बापाच्या जिवावर नाही.

गोदाक्का माझी थोरली जाऊ. मूलबाळ नव्हतं. घर एक, चूल एक. मी बाजाराला गेले की पोरी तिच्याकडे. धाकटी बकुळा तर तिच्याच कुशीत झोपायची. एवढं सगळं ती करायची, पण तिची जीभ! पाणवठ्यावर दहा बायकांत ती एकदा म्हणाली, “आमची कौसा आता बोकडाचं दात बघती. उद्या बाप्यांचं बघंल.” हसून हसून बायकांच्या कमरेवरच्या घागरी हिंदकळल्या. मीही हसले. पण तो शब्द मी गाठीला बांधला. आजही सोडलेला नाही, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. गाजावाजा नाही, घरातल्या घरात, लेकुरवाळ्या बाईच्या हातानं. मूल नसलेल्या बाईनं त्यात हात घालायचा नाही, तिचा हात लागला तर गर्भ टिकत नाही म्हणतात. मला दिवस गेलेत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण परसात उलट्या करताना गोदाक्कानं पाहिलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेव्हा नणंदेकडे गेलेल्या. एका दुपारी गोदाक्का आली, पदराखाली एक खण, नारळ आणि मूठभर तांदूळ. दुष्काळात ते तांदूळ तिनं कुठून आणले असतील? दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “कौसे, एकडाव माझ्या हातनं भरू दे गं. आत्याबाईस्नी कळायचं न्हाई.”

नगरला जायला तेव्हा चार दिवस उरले होते.

नको म्हणता आलं असतं. मी पदर पुढं केला. मनात काय होतं? – हेच, की मी नगरला गेले की पोरींना हीच सांभाळणार, हिचं मन राखलेलं बरं. ओटी भरताना थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. एकेक दाणा वेचून तिनं परत माझ्या पदरात घातला.

कळप बघायला जाते असं सांगून मी नगरला गेले. दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आले आणि माजघरात घोंगडीवर आडवी झाले. ओटीपोटात कुणी दोर पिळावा तशी कळ. गोदाक्कानं रक्त पाहिलं आणि माझ्या आधी तीच रडली. काही विचारलं नाही. तीन दिवस तिनं माझी कंबर शेकली, कुठून तरी वाटीत तूप मागून आणलं, पेज भरवली. दीड कोसावरून डोक्यावर आणलेल्या पाण्यात माझी रक्ताची धडपी धुतली. प्यायला पाणी पुरत नव्हतं त्या दिवसांत, आणि ती माझी धडपी धूत होती.

तिसऱ्या दिवशी सासूबाई परत आल्या. मला नगरला दवाखान्याच्या दारात कुणीतरी पाहिलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलेलं. अंथरुणाशी बसल्या. चढा आवाज नाही, काही नाही.

“पाडून आलीस व्हय?”

गोदाक्का उंबऱ्यात उभी होती, हातात पेजेची वाटी. मी सासूबाईंकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहून म्हणाले, “अक्कानं चोरओटी भरली माझी. तिलाच विचारा. रगत थांबंना म्हणून गेल्ते दवाखान्यात.”

किती नीट बसवलं होतं बघा. पडून पडून तीन दिवस मी तेच जुळवत होते का? नाही. तोंडातून आलं तेव्हाच तयार होऊन आलं. बाजारात येतं तसं.

गोदाक्का म्हणाली, “व्हय. भरली मी.”

सासूबाई उठल्या, तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पोरींना आत बोलावलं. बस्स, एवढंच झालं. मारहाण नाही, शिव्या नाहीत. पण त्या दिवसापासून तिला कुणी बारशाला बोलावलं नाही, हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पोटुशी बाई समोरून आली की ती आपणहून वाट सोडून बाभळीकडे तोंड करून उभी राहायची. बकुळा तिच्या खोलीच्या दाराशी बसून रडायची, “काकू, दार उघड.” तिनं उघडलं नाही. माझं लेकरू माझ्यासाठीच रडत नव्हतं, हेही मी ऐकत पडले होते.

भिऊन बोललीस, असं तुम्ही म्हणाल. घरातून काढलं असतं, नवऱ्यानं टाकलं असतं. काढून तर बघायचं होतं, त्यांच्या चुलीत जळणारं सरपण माझ्या शेळ्यांच्या पैशाचं होतं. नाही, मी भ्याले नव्हते. ती उंबऱ्यात पांढरी पडली तेव्हा मला पाणवठ्यावरचं ते हसणं ऐकू आलं – आणि मला बरं वाटलं. हे एक वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली. बरं वाटलं.

पंधराव्या दिवशी मी बाजारात उभी होते.

पुढं सासूबाई गेल्या, नवरा गेला. अडवणारं कुणी उरलं नाही. सांगायला काय हरकत होती? एका सकाळी अंगणात आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. तिचे केस तोवर पिकले होते. शेंगांवरून नजर न काढता तिनं विचारलं, “कौसे, ल्योक हुता का गं?”

तिसऱ्या महिन्यात काय कळतं, असं म्हणता आलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता. दोघींत बोलणं सुरू झालं असतं आणि कुठं जाऊन थांबलं असतं, कुणास ठाऊक. सौदा वाढू द्यायचा नसला की समोरच्याला हवं ते एका शब्दात देऊन मोकळं व्हायचं, हे मला येतं.

म्हटलं, “व्हय. ल्योक.”

तिनं मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. तेव्हापासून तिनं सोमवार धरला. निरंकार – पाण्याचा घोटसुद्धा नाही. मरेपर्यंत एक सोमवार चुकवला नाही. आणि दर सोमवारी, चुलीपुढं, मी तिच्यासमोर बसून जेवत असे.