थोरलीची पैठणी
डांबरगोळ्यांचा वास आला की ती दिवाळी आठवते. गंगापूर रोडच्या ऑफिसात पार्टी होती, जुने कपडे नव्या ढंगात घालायची स्पर्धा होती. मी, घरातली पहिली पदवीधर, ट्रंकेतली जांभळी पैठणी नेसले आणि वरून कमरेला पट्टा आवळला. “थोरलीची हाय ती. आधी देवापुढं ठिवून कुंकू लावायचं असतं,” आई म्हणाली. थोरली म्हणजे बाबांची पहिली बायको. पाडव्यासाठी तिनं ही पैठणी काढून ठेवली होती आणि आदल्या संध्याकाळी पणतीनं अंगावरच्या लुगड्याचा पदर पेटून ती गेली. “बक्षीस मिळालं तर तिला वाटा देईन,” मी हसले. दारात बाबा पणत्या लावत होते. त्यांनी मला पाहिलं आणि उंबऱ्यावरच्या सगळ्या पणत्या विझवल्या. आता दिवाळीला मी ड्रेसच घालते. तरी पणतीजवळून जाताना हात पदर शोधतो.