जिभेखालची दहा मिनिटं

मी बी.कॉम. आहे. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून पुष्कळांना वाटेल की हा कुणी बिनशिकलेला, वाया गेलेला असणार. तसं नाही. शिकलो तो मी, आणि गर्द ओढत होतो तोही मीच.

आता मला पंधरा दिवसांच्या गोळ्या एकदम घरी न्यायला मिळतात. सकाळी गॅलरीत बसतो, गोळी जिभेखाली ठेवतो, समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालतात ते बघत राहतो. सोयीचं आहे, ऑफिसला उशीर होत नाही. पण खरं सांगू का, मला त्या बाकाची आठवण येते.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या खोलीपलीकडे तो बाक होता. लांब, लोखंडी, मध्ये बसलं की करकरणारा. दिघ्याहून मी रोज सकाळी बसने तिथे जायचो. खिडकीत सिस्टर असायच्या. त्या खलात गोळी भरडायच्या, "जीभ वर" म्हणायच्या आणि ती भरड जिभेखाली सोडायच्या. मग दहा मिनिटं बाकावर. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, थुंकी गिळायची नाही. ही गोळी जिभेखालीच विरघळून रक्तात जाते, पोटात गेली की वाया. दहा मिनिटांनी पुन्हा खिडकीशी जाऊन जीभ वर करायची. सिस्टर बॅटरी मारून बघायच्या आणि मान हलवायच्या. ती मान हलली की माझा दिवस सुरू.

गोळीने नशा येत नाही. अंगाला जी ओढ लागते, हाडं ठणकतात, नाक-डोळे वाहतात, ते सगळं ती दिवसभर धरून ठेवते. एवढंच तिचं काम. पण त्या एवढ्याशा कामावर माझी नवी नोकरी, माझी झोप आणि आईचं जेवण चाललं होतं. कारण मी घरी यायच्या आधी आई जेवायची नाही.

बाकावर आम्ही पाच-सहा जण असायचो आणि सगळे एकजात बडबडे. तोंडं बंद, म्हणून हातांनी बोलायचो. पंखा वाढवायचा की कमी करायचा यावरून एका रिक्षावाल्याचं आणि माझं खुणांनी भांडण झालेलं आहे, अगदी मुद्देसूद. खाडीकाठच्या गावचे एक आगरी काका होते. त्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. ते रोज आदल्या दिवशीची मॅच हातवाऱ्यांनी सांगायचे, आउट झालेल्याला शिवीसुद्धा हातानेच द्यायचे. गोळी विरघळली रे विरघळली की शाळा सुटल्यासारखे सगळे एकदम बोलायला लागायचे. काका म्हणायचे, "ह्या दहा मिनिटान जेवरा बोलाला सुचते, तेवरा दिवसभरान नाय सुचत."

मी तिथवर कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो, लांबवण्यात अर्थ नाही. ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळी होती. जागं राहण्यासाठी एक, झोपण्यासाठी दुसरं, असं करत खोकल्याच्या औषधावर गेलो, तिथून पन्नीवर गर्द ओढण्यावर. चार वर्षं. नोकरी गेली. एकदा वस्तीतल्या पोरांनी मागून "गर्दुल्ला" म्हणून हाक मारली, तेव्हा शेजारून आमचे अण्णा चालत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाशीच्या मार्केटात माथाडी. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा त्यांनी गाळ्यागाळ्यात जाऊन तो सांगितला होता. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांनाही सांगितला. त्या हाकेनंतर मात्र त्यांनी मला काही विचारलं नाही. गोळी सुरू झाल्यावरही नाही. फक्त सकाळी मी परतलो की विचारायचे, "तिकडं जाऊन आलास?" दवाखाना म्हणायचे नाहीत, केंद्र म्हणायचे नाहीत. तिकडं.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. सोयरीक आमच्या साताऱ्याकडचीच, लग्नही गावी. चार दिवस जावं लागणार होतं, आणि चार दिवसांच्या गोळ्या बरोबर लागणार होत्या.

डॉक्टर लगेच हो म्हणाले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी गावच्या यात्रेला गेलो होतो. म्हटलं, दोन दिवस गोळी नाही घेतली तर काय बिघडतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यात्रा अर्धी टाकून मुंबईची गाडी पकडली. घरी गेलोच नाही, थेट पुलाखाली गेलो, गर्द मिळायचा तिथे. दोन महिने परत बाकावर आलो नाही. ते सगळं त्यांच्या कागदात लिहिलेलं होतं. ते म्हणाले, गोळ्या देतो, पण तुमच्या हातात नाही. घरचं जबाबदार माणूस घेऊन या, सही त्याची, ताबा त्याचा. रिकामी पाकिटं परत आणून दाखवायची.

आईला नेणार होतो. अण्णाच उठले आणि चपला घातल्या.

ते बाकावर माझ्या शेजारी बसले. बाक करकरला. मला गोळी दिली, मी तोंड बंद केलं. रिक्षावाल्याने त्यांना खुणेने नमस्कार केला, काकांनी मॅचचा स्कोर बोटांवर दाखवला. अण्णांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, हात गुडघ्यांवर ठेवले आणि तेही गप्प बसले. खिडकीतून सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही बोललात तरी चालेल." अण्णा म्हणाले, "असू द्या." आणि पुन्हा ओठ मिटले. दहाच्या दहा मिनिटं.

त्या सकाळी बसलो तितका वेळ आम्ही बापलेक कधी नुसते शेजारी बसलो नव्हतो.

गोळ्या अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. गाडीत घरातल्या सगळ्यांचं एक ठरलं. कुणी विचारलंच, तर दाढेचं औषध चालू आहे म्हणायचं. बहिणीने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. डावी दाढ की उजवी, तेही ठरवून टाकलं. तिचं चुकत नव्हतं. नव्या घरात तिला राहायचं होतं, मला नाही.

पहिले दोन दिवस नीट गेले. लग्नाच्या सकाळी मात्र पाण्याचा टँकर आला नाही, आचाऱ्याचा गॅस संपला, आणि मी मोटारसायकल घेऊन दोन गावं फिरत राहिलो. परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, जांभया सुरू झाल्या होत्या, डोळ्यांना पाणी लागलं होतं. अण्णांनी मला मांडवामागे नेलं, पिन काढली आणि म्हणाले, "आधी ही घे."

मी गोळी जिभेखाली ठेवली, आणि वेशीकडून बेंजो ऐकू आला. वऱ्हाड आलं.

आमच्याकडे वऱ्हाड आलं की दारात भेटी होतात. व्याह्याला व्याही, मामाला मामा. माइकवाला एकेकाचं नाव पुकारतो, दोन्हीकडची माणसं पुढे येतात, टोपी-टॉवेल देतात, गळाभेट घेतात. अण्णांनी माइकवाल्याला आधीच सांगून ठेवलं असणार, कारण तो ओरडला, "नवरीचे बंधू, बी.कॉम. पदवीधर, मुक्काम मुंबई." कुणीतरी मला पुढे ढकललं.

समोर नवरदेवाचे चुलते. एस.टी.तले रिटायर ड्रायव्हर, मिशी पांढरी, फेटा कडक. त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, गळाभेट घेतली आणि विचारलं, "काय पाव्हणं, कंच्या कॉलेजात शिकलासा?"

मी हात जोडून हसलो.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हसलो. मागून त्यांच्यातला एक जण म्हणाला, "शिकल्याली माणसं. आपल्यासंगं कशाला बोलत्यात." हशा झाला. दुसऱ्याने जरा समजुतीने घेतलं, म्हणे रुसला असेल, नवरीचा भाऊ आहे, त्याचा मान आहे. झालं. दुसरा टॉवेल आला. मी नको म्हणून मान हलवली, तर त्यांना वाटलं तोही पसंत नाही. तिसरा आला, जाड, रंगीत काठाचा. माझ्या दोन्ही खांद्यांवर टॉवेल आणि हातात नारळ. मागून आमचे मावसकाका कोपराने ढोसत होते, बोल की, लाज काढतोस का. तोंडात थुंकी साठली होती, अर्धी गोळी अजून जिभेखाली होती.

गिळायला एक क्षण पुरला असता. गिळलं असतं, दोन शब्द बोललो असतो आणि सगळं निभावलं असतं. पण जादा गोळी नव्हती, आणि यात्रेची दुसरी संध्याकाळ मला चांगली आठवत होती. मी ओठ घट्ट मिटले.

वऱ्हाडातली माणसं हसायची थांबली. आता ती खरंच रागाला येत होती. तेवढ्यात व्याह्यांची भेट आटपून अण्णा माझ्या शेजारी आले.

"त्यो बोलणार न्हाई," अण्णा म्हणाले. "जिभंखाली गोळी हाय त्याच्या. इरघळंपातूर बोलायचं न्हाई."

"कसली गोळी?" चुलत्यांनी विचारलं.

मी दाढेची वाट बघत होतो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, ते तीन टॉवेल बघितले.

"गर्दाची," ते म्हणाले. "चार वर्सं वढला. आता वढत न्हाई. रोज सकाळी ही गोळी घेतो. यात्रंला चुकला हुता. परत जायला लागल्यापासनं, वरीस झालं, एक दिस चुकवला न्हाई."

माइकवाल्याने, ज्याचं तोंड सकाळपासून बंद नव्हतं, आपणहून माइकचं बटण बंद केलं.

मी खाली बघत होतो. पण अण्णांचा तो आवाज मी ओळखला. एक दिवस चुकवला नाही, हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात त्यांनी माझा निकाल गाळ्यागाळ्यात सांगितला होता.

चुलत्यांनी व्याह्यांकडे बघितलं. व्याही स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. मला एवढंच कळत होतं की आता बहिणीचं काय होईल ते या दोन माणसांच्या हातात आहे, आणि मला तोंड उघडता येत नाही.

"किती येळ लागतो?" चुलत्यांनी विचारलं.

"धा मिन्टं. निम्मी झाली असत्याली."

"मंग तवर फेटा बांधून घिऊ."

त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून मावसकाकांच्या हातात दिली. मागून कापड मागवलं. एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, हलू नकोस. तंबाखूचा वास येणारे ते दोन हात माझ्या डोक्याभोवती फिरत राहिले. एकदा पूर्ण बांधून झाला. तो त्यांना पसंत पडला नाही म्हणून सोडला, आणि सुरुवातीपासून पुन्हा बांधला. मला आजही वाटतं, पहिला चांगला झाला होता. एवढा वेळ सगळं वऱ्हाड उन्हात उभं. कुणी काही म्हणालं नाही, कारण फेटा बांधत असताना माणसं थांबतातच.

तुरा काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "झाली?"

आणि मी सवयीने जीभ वर केली. खिडकीत करतो तशी. त्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी वाकून, डोळे बारीक करून, माझ्या तोंडात नीट बघितलं. मग मान हलवली.

"वाशीला," मी म्हणालो.

"आँ?"

"कॉलेज. तुम्ही विचारलं होतं. वाशीला. कॉमर्स."

"आस्सं," ते म्हणाले, आणि माइकवाल्याकडे वळले. "चालू कर की. मामा ऱ्हायलंत अजून."

अक्षता वेळेवर पडल्या. मी नवरदेवाचा कान पिळला, जरा जोरातच. सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. बहिणीने पाच-सहा महिने अण्णांशी फोनवर बोलणं टाकलं. दाढ म्हणायला काय झालं होतं, एवढंच तिचं म्हणणं. तिच्या सासूने तिला एकदा स्वयंपाकघरात विचारलं, तुझा भाऊ कसा आहे गं, आणि त्या प्रश्नात काय काय होतं ते तिला ऐकून घ्यावं लागलं. पुढे ते निवळलं. दिवाळीला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सकाळी चुलत्यांनी सगळ्यांना ओसरीवरून उठवलं. म्हणाले, पाव्हण्याला दहा मिनिटं निवांत बसू द्या. बहीण दारातून बघत होती. त्याच संध्याकाळी तिने अण्णांना फोन लावला.

लग्नाहून परतलो त्या सकाळी अण्णा पुन्हा माझ्याबरोबर आले. चार रिकामी पाकिटं त्यांनी बंडीतून काढून खिडकीत ठेवली. एकाला हळद लागली होती. सिस्टरनी ती उलटीपालटी करून बघितली, हसल्या आणि विचारलं, कसं झालं लग्न. बाकावरचे सगळे सरसावून बसले. काकांनी डोक्याभोवती हात फिरवून खुणेने विचारलं, फेटा बांधला का.

मी सांगायला तोंड उघडलं, आणि सिस्टर म्हणाल्या, "आधी जीभ वर."

मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अण्णांना बोलायला कुणाची मनाई नव्हती, सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलंही होतं. पण त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि गोळी विरघळायची वाट बघत बसले. सांगायचं ते मीच सांगावं म्हणून.